अप्पांचं फेवर ल्युबा पुढं पळतंय (आणि सन्नतीहून आलेलं कडं)

शहापूरकर (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा घड्याळांत टाकावा, आरोग्यात टाकावा की भटकंतीत, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. वाचलात की कळेल का ते.

आमच्या अप्पांचं घड्याळ फेवर ल्युबा सी चीफ. १९७१ साली लग्नात आईच्या वडिलांनी घातलेलं. बाराच्या खाली ती वाळूच्या घड्याळासारखी खूण, काच दोनदा बदललेली, पट्टा किती वेळा बदलला त्याचा हिशोब नाही. रोज सकाळी दूध आलं की अप्पा किल्ली देणार आणि रेडिओवर सातच्या बातम्यांआधीचे ठोके पडले की काटा जुळवणार. दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडं-तिकडं व्हायचं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

गेल्या तीन आठवड्यांपासून घड्याळ दिवसाला पंचवीस मिनिटं पुढं जातंय. मागं पडणारं घड्याळ मी पाहिलंय, हे असलं पळणारं पहिलंच. परवा सकाळी काटा जुळवायचा राहिला, तर अप्पा बँकेचं शटर उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन उभे राहिले आणि शटर उघडल्यावर आतल्या पोराला उशिरा आल्याबद्दल झापून आले.

बाजारातल्या एका दुकानात दाखवलं. त्यानं डोळ्याला भिंग लावून दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, "मशीन धुवायला लागतंय, बालकमानी बदलायला लागतीय, डायल पण रंगवून देतो, एकदम नवं दिसंल." साडेतीन हजार सांगितले. देऊ का?

आता दुसरी गोष्ट. संबंध आहे की नाही माहीत नाही, पण बायको म्हणाली तेही लिहा. महिन्यापूर्वी अप्पा कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीला जाऊन आले. चंद्रलांबा आमचं कुलदैवत. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिनीबस केली होती, दर्शन झालं की शेजारच्या कनगनहळ्ळीचा स्तूप बघायचा असा बेत. बसमध्ये ओळखीच्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. परतीला विजापूर येईपर्यंत त्यांनी सगळ्यांना स्तूपाची 'ऊर्जा' समजावली आणि मग पिशवीतून चुंबकाची कडी काढली. रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं, रक्त फिरतं, सांधे मोकळे होतात. त्यात ही कडी म्हणे रात्रभर स्तूपापाशी ठेवून 'जागृत' केलेली. अप्पांनी दोन हजार आठशे मोजले. मी विचारलं तर म्हणाले, "तुला काय कळतंय रे, गप बस की."

तेव्हापासून कडं डाव्या मनगटात आहे. घड्याळाला खेटून.

---

ठिकठिक

दुकानात अजिबात देऊ नका. आणि डायल रंगवू देऊ नका, हात जोडून सांगतो. सी चीफची मूळ डायल गेली की घड्याळाचं निम्मं मोल गेलं. जुन्या फेवर ल्युबा आणि एचएमटीच्या डायली लाल-निळ्या रंगवून मुंबईहून जगभर विकल्या जातात, संग्राहक लांबूनच ओळखतात आणि नाक मुरडतात.

घड्याळाला काही झालेलं नाही. त्याला चुंबक लागलंय. वहिनींना सांगा, बरोबर ओळखलंत.

आत बॅलन्सचं चाक असतं, ते मागं-पुढं हेलकावतं. त्याला आवरणारी केसाएवढी बारीक गुंडाळीची स्प्रिंग, तीच बालकमानी. तिचे वेढे एकमेकांपासून सुटे हवेत. चुंबकत्व आलं की वेढे एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि चाक भरभर हलायला लागतं. म्हणून घड्याळ पुढं. एकाएकी इतकं पुढं धावायला लागलेलं चावीचं घड्याळ दिसलं की माझा पहिला संशय चुंबकावर जातो.

घरी करून बघा. साधं होकायंत्र घ्या, जत्रेत मिळतं ते चालेल. कडं दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर सुई त्याच्याकडंच धावेल. मग घड्याळ होकायंत्राजवळून हळूहळू फिरवा. सुई हलली की निकाल लागला.

---

नाडीपरीक्षा

घड्याळाचं पुढं बघू. आधी सांगा, अप्पांना पेसमेकर बसवलाय का? किंवा छातीत दुसरं कुठलं यंत्र?

मी बीएएमएस, खानापूर भागात वीस वर्षं दवाखाना. ताकदीचं चुंबक पेसमेकरवर आलं तर तो हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक गतीनं ठोके द्यायला लागतो. डॉक्टर तपासणीसाठी हे मुद्दाम करतात, घरी होऊ द्यायचं नसतं. झटका देणारं यंत्र असेल तर चुंबकापुढं ते गरजेच्या वेळी झटकाच देत नाही. म्हणून असली वस्तू छातीपासून किमान वीतभर लांब ठेवायला सांगतात. आता कडं घातलेला हात उशाशी घेऊन, छातीवर ठेवून माणूस झोपतोच की नाही?

---

शहापूरकर

अप्पांना नाही. पण तुमचं वाचून हात थंड पडले. त्याच बसमध्ये मागच्या गल्लीतले काका होते, त्यांना दोन वर्षांपूर्वी छातीत मशीन बसवलंय. आणि त्यांनी एक नाही, दोन कडी घेतली.

आत्ता निघालो त्यांच्याकडं.

---

अनगोळची अक्का

डॉक्टरसाहेब, मला कुणाशी वाद घालायचा नाही. पण मी असलंच कडं गेली दीड वर्षं घालते आणि माझा गुडघा बरा आहे. आधी जिना चढायला येत नव्हता. आता मारुती गल्लीतून भाजी घेऊन चालत येते. मग हे खोटं कसं?

---

नाडीपरीक्षा

अक्का, तुमचा गुडघा बरा झाला हे मी खोटं म्हणत नाही. बरा कशानं झाला, एवढंच विचारतोय.

सांधेदुखी रोज सारखी नसते, चढते-उतरते. माणूस कडं कधी घेतो? अगदी असह्य झालं की. त्या टोकावरून दुखणं बहुतेक वेळा आपणहून खाली येतंच, आणि श्रेय हातातल्या वस्तूला जातं. शिवाय तुम्ही चालायला लागलात. चालण्यानं मांडीचे स्नायू सुधारतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे माझे एमबीबीएसवाले मित्रही सांगतील आणि मीही सांगतो.

चुंबकाच्या नीट चाचण्या झाल्यात. काहींना खरं चुंबक, काहींना तसंच दिसणारं बिनचुंबकाचं, आणि कुणाला काय मिळालं ते त्यांना ठाऊक नाही. अशा चाचण्यांचा एकत्र आढावा २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. दुखणं कमी होण्यासाठी चुंबकाचा म्हणण्यासारखा फायदा त्यात दिसला नाही.

आणि रक्तातलं लोह म्हणजे खिळा नव्हे. ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, चुंबक त्याला टाचणीसारखं ओढत नाही. एमआरआयचं यंत्र सहसा दीड टेस्लाचं, म्हणजे पंधरा हजार गॉस (चुंबकाचा जोर मोजायचं माप). रक्त असं ओढलं जात असतं तर त्या बोगद्यातून माणूस जिवंत बाहेर आला नसता.

एक विनंती सगळ्यांनाच. आयुर्वेद, होमिओपॅथी, चुंबक, स्फटिक, पिरॅमिड, सगळं 'पर्यायी उपचार' म्हणून एकाच पिशवीत कोंबू नका. माझ्या काढ्यावर शंका घ्या, खुशाल पुरावा मागा. पण त्या बसमधल्या गृहस्थाच्या शेजारी मला बसवू नका.

---

मुंबईपुणे

बेळगावात अजून चावीची घड्याळं वापरतात?

---

ठिकठिक

हो. आणि वेळेवर पोचतात पण.

---

ब्राह्मीवाचक

मी चिकोडीचा, सन्नतीला चार वेळा जाऊन आलोय. 'ऊर्जा' वाचून हसावं की रडावं कळेना, कारण त्या जागेची खरी गोष्ट कड्याच्या गोष्टीपेक्षा दसपट भारी आहे आणि ती बसमध्ये कुणी सांगितलेली दिसत नाही.

१९८६ साली चंद्रलांबेच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं. दुरुस्तीला मूर्ती हलवली, तर तिच्याखालचं पीठ म्हणजे अशोकाच्या आज्ञा कोरलेली शिळा. मूर्तीचा खुंटा बसवायला कुणीतरी केव्हातरी मधोमध भोक पाडलेलं, तिथली अक्षरं गेली. उरलेल्यावर अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी बारावा आणि चौदावा, शिवाय खास कलिंगासाठी लिहिलेले दोन स्वतंत्र लेख. तोवर हे कलिंग लेख ओडिशातल्या धौली आणि जौगडलाच ठाऊक होते. इकडं भीमेच्या काठी ते कुणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणजे अप्पांच्या आधीच्या कित्येक पिढ्या त्या आवारात नमस्कार करून गेल्या आणि अशोक देवीच्या पायाखाली गप्प बसून होता.

त्यानंतर नव्वदच्या दशकात पुरातत्त्व खात्यानं कनगनहळ्ळीला उकरायला घेतलं. महास्तूप निघाला. त्याचं जुनं नाव तिथल्याच लेखांत आहे, अधोलोक महाचैत्य. चुनखडकाच्या कोरीव शिळा ढिगानं पडलेल्या. आपल्या न्हाणीघरात जी शहाबादी फरशी असते ना, तिचं शहाबाद त्याच जिल्ह्यात. त्याच भागातल्या दगडावर एक राजा, शेजारी राणी, वर छत्र, चवऱ्या ढाळणाऱ्या बायका, आणि ब्राह्मीत अशोक राजाचं नाव. नावानिशी कोरलेला अशोक. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा भर उन्हात त्या शिळेपुढं उकिडवा बसलो आणि ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला. आणखी शिळांवर सातवाहन राजे आहेत, तेही नावांसकट.

आता उपचारांचा विषय निघालाच आहे तर डॉक्टरांसाठी. आपल्या लेण्यांत वैद्यांची दानं आहेत. पितळखोऱ्याला राजवैद्य मगिल आणि त्याच्या मुला-मुलीच्या नावानं दानलेख कोरलेत. त्याच लेणीसमूहात पैठणच्या मितदेव नावाच्या गांध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या, घराण्यानं खांब दिलाय. कोकणात कुड्याला वैद्य सोमदेव, तोही वैद्याचाच मुलगा, अख्ख्या कुटुंबाच्या नावानं लेणं दान करतो. दोन हजार वर्षांपूर्वी वैद्य स्वतःच्या कमाईतून भिक्खूंना निवारा देत होते. आता निवाऱ्याच्या नावानं वैदू कमावतात.

---

नाडीपरीक्षा

सोमदेवाचं ठाऊक नव्हतं. दवाखान्यात त्याचं नाव लावीन म्हणतो.

---

ब्राह्मीवाचक

आणखी एक, सीमाभागातल्या लोकांनी तर पाठच करावं असं. कार्ल्याचं चैत्यगृह सगळ्यांनी पाहिलंय. दारापाशीच्या लेखात पूर्ण करणाऱ्याचं नाव आहे: वैजयंतीचा शेठ भूतपाल. 'जंबुद्वीपात उत्तम असं शैलगृह' असं तो स्वतःच म्हणून घेतो, आणि खोटं नाही. वैजयंती म्हणजे बनवासी, आपल्या खालचा उत्तर कन्नड जिल्हा. कानडी मुलखातल्या व्यापाऱ्यानं लोणावळ्याच्या डोंगरात महाराष्ट्राचं सगळ्यात देखणं लेणं पुरं केलं.

---

गल्लीतला

म्हणजे कार्लं पण आता कर्नाटकात घालणार की काय

---

कट्टाप्रमुख

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, सव्वाशे पानांचा. इथं घड्याळ, कडं आणि स्तूप एवढंच. खालचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

---

शहापूरकर

काकांकडून आलो. दोन्ही कडी काढून कपाटात, मशीनपासून लांब. रात्री कड्याचा हात छातीवरच असायचा, असं काकू म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना 'धडधड वेगळी वाटते' असं व्हायचं आणि ते त्याला ऊर्जा समजत होते! उद्या सकाळी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं मशीन तपासायला नेतोय.

डॉक्टर, तुमचे उपकार आहेत.

ठिकठिक, होकायंत्र नव्हतं म्हणून पोराच्या मोबाइलमधलं चालवलं. घड्याळ जवळ नेलं की दिशा गरागरा फिरते. पण एक विचारतो. घड्याळाच्या पाठीवर 'अँटिमॅग्नेटिक' असं कोरलंय. मग?

---

ठिकठिक

मोबाइलचं चालतं, त्यातही चुंबक मोजणारं यंत्र असतंच.

पाठीवरचं ते कोरीव काम वाचून लोक निर्धास्त होतात. अँटिमॅग्नेटिकचं नेहमीचं प्रमाण ४,८०० अँपिअर प्रति मीटर आहे, हवेत साधारण साठ गॉस. घरातल्या पंख्या-रेडिओच्या आसपास वावरायला पुरेसं. कड्यातलं चुंबक नियोडिमियमचं असलं तर अगदी अंगाशी हजारो गॉस भरतात. म्हणजे छत्री घेऊन धबधब्याखाली उभं राहण्यातला प्रकार. मात्र चुंबकाचा जोर अंतरानं झपाट्यानं उतरतो, हातभर लांब गेलं की जवळजवळ शून्य. खेटून ठेवलं म्हणून झालं हे सगळं.

---

वाळवंटातला

दुबईहून. मूळ गाव येळ्ळूर. ठिकठिक, माझ्याकडं ओमेगा आहे, मास्टर क्रोनोमीटर. पंधरा हजार गॉस सोसतं म्हणून घेतलं. पाच वर्षांची बचत गेली, बायको अजून बोलते.

---

ठिकठिक

घेतलंत ते चांगलं घेतलंत. त्यात बालकमानी सिलिकॉनची आहे, ती चुंबकाला दादच देत नाही. आधीच्या काळात दुसरी युक्ती होती: यंत्राभोवती मऊ लोखंडाची आतली डबी. रोलेक्सचं मिलगॉस तसलं. नावातच हजार गॉस, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी पन्नासच्या दशकात काढलेलं. ओमेगावाल्यांनी डबी काढून टाकली आणि धातूच बदलला. मला विचाराल तर आजच्या महागड्या घड्याळांत पैसे मोजण्यासारखं जे थोडं आहे त्यात हे येतं. हिरे जडवलेली डायल येत नाही.

---

वाळवंटातला

हे बायकोला वाचून दाखवतो. इथं गावाकडून कुणी आलं की पहिली फर्माईश 'एक रोलेक्स बघ की स्वस्तातलं'. स्वस्तातलं मिळतं, आत बॅटरी असते.

---

ठिकठिक

आणि सेकंदकाटा सेकंदाला एकेक उडी मारतो. रोलेक्सचा काटा आताच्या बहुतेक मॉडेलांत सेकंदात आठ बारीक पावलं टाकतो, म्हणून सरकल्यासारखा दिसतो. अप्पांचं जुनं घड्याळ कानाला लावलं तर त्याचीही टिकटिक सेकंदाला एकापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येईल.

शहापूरकर, उपाय सोपा. चुंबक काढायचं निळ्या डबीसारखं यंत्र ऑनलाइन हजाराच्या आत मिळतं. घड्याळ वर ठेवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर उचलत हातभर लांब न्यायचं. मगच बटण सोडायचं. घाई करून जवळच सोडलंत तर उलट जास्त लागेल. निपाणीला येणार असाल तर माझ्याकडं आहे, चहा पण मिळेल.

---

निळी पहाट

उशिरा आले. मी संकेश्वरची. आमच्या घरी आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, आणि त्याआधी १९२५ साली बाबासाहेबांनी निपाणीला परिषद घेतली तेव्हा त्यांचे वडील बैलगाडीनं गेले होते. म्हणून हे 'स्तूपापाशी जागृत केलेलं कडं' वाचून जीव जळला.

स्तूप म्हणजे अस्थी-अवशेषांवर रचलेलं स्मारक. लोक प्रदक्षिणा घालतात, फुलं वाहतात, आठवण काढतात. ब्रह्मजाल सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, भिक्खूंनी कशावर पोट भरू नये याची लांबलचक यादी आहे: शकुन, स्वप्नं, हस्तरेषा, मंत्र-तंत्र, ताईत-तोडगे. बसमधले गृहस्थ त्या यादीत तीन-चार ठिकाणी बसतात.

याचा अर्थ धम्मात औषधाला जागा नाही असा कुणी घेऊ नये. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, औषधांचा वेगळा खंड आहे. आजारी भिक्खूला पाच गोष्टी चालतात: तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी, आणि सात दिवसांहून जास्त साठवायच्या नाहीत. पाचही आपल्या स्वयंपाकघरातल्या. आणि ती अतिसार झालेल्या भिक्खूची गोष्ट. आपल्याच घाणीत पडलेला, कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी पाणी मागवलं, आनंदाला घेऊन स्वतः त्याला धुतलं, खाटेवर निजवलं. मग बाकीच्यांना म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची त्यानं आजाऱ्याची करावी. त्यात ऊर्जा कुठं आलीय? पाणी आलंय आणि हात आलेत.

---

अनगोळची अक्का

ताई, छान लिहिलंत. कडं काढलं नाही अजून, पण हे वाचून दाखवलं घरी.

---

शहापूरकर

उशिरानं लिहितोय, क्षमस्व. आधी काकांचं. यंत्राची नोंद तपासली. डॉक्टरांना यंत्र ठीक वाटलं, पण चुंबक लागल्याच्या खुणा नोंदीत सापडल्या, बहुतेक रात्रीच्या. कडी कधीच घालायची नाहीत असं कागदावर लिहून दिलंय. त्या गृहस्थांना फोन केला. म्हणाले, "माझ्याकडून घेताना त्यांनी विचारलं नाही." यावर काय बोलणार?

निपाणीला अप्पांना घेऊनच गेलो. वाटेत बोलले नाहीत. ठिकठिकांनी घड्याळ निळ्या डबीवर धरलं, हळूहळू हात वर नेला, बटण सोडलं. तेवढंच. अप्पा म्हणाले, "झालं? एवढ्याला तो साडेतीन हजार मागूलाता?" मग ठिकठिकांनी त्यांना भिंगातून आत बघायला दिलं. ती बालकमानी श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत होती, वेढे सगळे सुटे. अप्पांनी भिंग पाच मिनिटं सोडलं नाही. त्रेपन्न वर्षं मनगटावर बांधलेल्या वस्तूचं पोट पहिल्यांदा बघत होते. चहा गार झाला.

आता घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढं आहे. रेडिओच्या ठोक्यांना जुळवतात.

कड्याचं विचाराल तर अप्पांनी ते टाकलं नाही. "पैसे मोजलेत." महिनाभर उजव्या हातात घातलं, मग आंघोळीला काढलं ते खिडकीतच राहिलं. आई घरी फॉल-पिकोचं काम करते, तिच्या मशीनखाली टाचण्या सांडलेल्या असतात. परवा तिनं कडं दोऱ्याला बांधून मशीनखाली सोडलं आणि एका फेरीत सतरा टाचण्या आणि दोन सुया वर काढल्या. अप्पा खुर्चीतून बघत होते.

"बघ," म्हणाले, "लोह ओढतंय की नाही?"

---

नाडीपरीक्षा

आईंना सांगा, मशीनपाशी बसताना घड्याळ घातलेला हात लांब.

---

गल्लीतला

सन्नतीला बेळगावातून थेट गाडी आहे का विजापूरला बदलायला लागते?